घरटी एक माणूस

प्रिय जगन,

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून देवापुढे दिवा लावला, चहा घेतला आणि ओटीवर बसून एका माणसाबद्दल दोन ओळी लिहिल्या. 'सदर इसम गावात कोणाच्याही ओळखीचा नाही. त्याच्या मूळ ठिकाणाबाबत गावात कोणास माहिती नाही.' खाली सही केली, पोलीस पाटलाचा शिक्का मारला आणि कागद न्यायला आलेल्या माणसाच्या हातात दिला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. तो इसम म्हणजे तुझ्या इथल्या जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणारा साहिल, मुर्शिदाबादचा, प्लास्टरचं काम करणारा. दुपारी पोलिसांनी त्याला गाडीत बसवून नेलं. बंगाली बोलतो म्हणजे सरहद्दीपलीकडून आला असेल, असा संशय होता. माझ्या दोन ओळींनी त्या संशयाला आधार मिळाला. आज सव्वीस दिवस झाले, तो परत आलेला नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं असं तू म्हणशील. पण तू बोलायचंस आणि मी हं म्हणायचं, हे आपलं शाळेपासून चालत आलंय. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं. उद्या सगुणा बहिणीकडे रोह्याला येते आहे, तिच्या हाती हे पत्र देतो. वरसेला तुझ्या घरी ती स्वतः आणून देईल. रोहिणीवहिनींचा गुडघा आता कसा आहे? सगुणाने त्यांच्यासाठी निर्गुडीचा पाला बांधून ठेवलाय, तो लावायला सांग.

आधी एक सांगतो, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की कान्हू बदलला. तुझा राग खोटा आहे असं मला कधीच वाटलं नाही. तुझ्या हर्षदने आयटीआय केलं, कंपनीत दोन वर्षं ठेकेदाराकडे घासला, कायम कधी करणार असं विचारलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर पास बंद. त्याच्या जागी ठेकेदाराने बाहेरची सहा माणसं आणली, एका खोलीत कोंबली, आणि ती तोंडातून शब्द काढत नाहीत म्हणून त्याला बरी. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हर्षद आता दोन वर्षं घरी आहे. मागच्या वेळी आलो तेव्हा भरदुपारी तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता, आणि तू मला हळूच म्हणालास, "झोपलेला नाय तो, नुसता पडलाय." ते माझ्या डोक्यातून जात नाही.

इकडे तरी काय वेगळं आहे. खाडीकडचा बांध, आपला बाहेरकाठा, फुटतो, दुरुस्तीचं टेंडर निघतं, पोकलेन येतो, बांधाच्या पायथ्याचीच माती उकरून वर टाकतो आणि पुढच्या उधाणाला ती पुन्हा पायथ्याशी जाते. खालच्या पट्टीतली आपली शेतं खाऱ्या पाण्यात गेली ती गेलीच. तिथे आता कांदळ डोक्यापेक्षा उंच झालाय, आणि साहेब सांगतात की ते झाड तोडलंत तर गुन्हा. माझ्याच सातबाऱ्यावरच्या जमिनीत मी पाहुण्यासारखा उभा राहतो. बायजाबाईचा अंगठा रेशनच्या यंत्रावर उमटत नाही. जन्मभर मिठागरात मीठ ओढून रेषाच उरल्या नाहीत, तर उमटणार काय? चार महिने तिचं धान्य बंद. ती ग्रामसभेत उठून म्हणाली, "मशीन बोलतंय मी नाय. मंग रोज चुलीपाशी कोन बसतंय, माजं भूत?" सगळे हसले. तीही हसली. तांदूळ मात्र मिळाला नाही.

त्याच ग्रामसभेला तू मुद्दाम मेमूने कासूला उतरून, तिथून चालत आलास. इतकी माणसं मी लग्नातही जमलेली पाहिली नव्हती. कोणी म्हणालं, आमचे अंगठे चालत नाहीत आणि या बाहेरच्यांची कार्डं चालतात. कोणी म्हणालं, बायकांच्या खात्यात पैसे टाकले की पुरुषांनी विचारायचं बंद करायचं, असा हा सगळा डाव आहे. मग तू उठलास. "आपल्या बापानी कंपनीला जमिनी दिल्या, आपुन पोरा दिली. आता खोल्या पन देऊ? मी सुरवात माज्या घरापासना करतो." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, जगन, मनापासून वाजवल्या. कित्येक वर्षांनी वाटलं की आपल्या हातात काहीतरी आहे. भाडेकरू काढायचा ठराव एकमताने झाला, आणि सगळ्यांची चौकशी व्हावी म्हणून अर्ज गेला. पुढे माझ्याकडे अहवाल मागितला, तेव्हा तुझा फोन आला. "कान्हू, जास्त लिवू नको. वलखत नाय, एवढाच लिव." मी तेवढंच लिहिलं.

त्या दिवशी सगुणा सुपात तांदूळ निवडत होती. कागद गेल्यावर तिने विचारलं, "तुमी त्याला वलखत नाय?" मी शिक्का पेटीत ठेवला. तिने पुन्हा विचारलं नाही. जेवायला वाढलं, रोजच्यासारखंच वाढलं. तेव्हापासून संध्याकाळी देवापुढे बसलो की मला म्हणायला काही सुचत नाही. नुसता बसून उठतो.

मी वाट पाहत होतो, हेही लिहून टाकतो. वाटलं होतं, साहिल गेल्यावर कुठेतरी काहीतरी हलेल आणि मला बरं वाटेल. हर्षदला कोणी बोलावलं का? बांधावर कोणी आलं नाही. साहिलच्या बायकोने चार दिवस खोलीचं दार आतून लावून ठेवलं, मग पनवेलला तिच्या भावाकडे गेली. जाताना किल्ली सगुणाच्या हातात दिली आणि दोन्ही खोल्या सारवून दिल्यात असं सांगितलं. मुलगी दुसरीत होती. इतर भाडेकरूही हळूहळू निघाले. आपल्या शाळेत अकरा मुलं होती, आता सात आहेत. पट असाच राहिला तर शाळा टिकायची नाही असं गुरुजी म्हणतात. म्हणजे आपण शिकलो ती शाळाही आपल्याच ठरावात गेली, आणि त्या दिवशी हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

आता बांधाची गोष्ट. ती तुला अर्धीच माहीत आहे, कारण उरलेली अर्धी मी ठेवून घेतली. परवाच्या वर्षी सर्वपित्री अमावास्येच्या उधाणाला खांड पडली तेव्हाची. दुपारची भरती होती, भात फुलोऱ्यावर आलेलं, आणि फुटलेल्या बांधातून खारं पाणी ओढ्यासारखं आत येत होतं. फोन केला तर सांगितलं, सोमवारी पाहणी होईल. रात्रीच्या भरतीआधी खांड बुजली नाही तर वरची पट्टीही जाणार होती. म्हणून मी देवळाची घंटा बडवली आणि आपल्या बापांच्या वेळचा पुकारा केला, घरटी एक माणूस. बांध सरकारकडे गेल्यापासून तो पुकारा कोणी केला नव्हता. एकशे दहा घरांतून सत्तावीस माणसं आली, त्यातली निम्मी माझ्यापेक्षा म्हातारी. पोरं सगळी शिफ्टला. तू वरसेहून फोनवर म्हणालास, माझ्या घराकडून पुतण्या येईल, ऋत्विकला सांगितलंय. ऋत्विकची सेकंड शिफ्ट होती. तो सायकल काढून नागोठण्याला गेला. रजा टाकली असती तर कामावरून काढला असता, त्याला दोष देऊ नकोस.

तुझ्या घराकडून साहिल आला. पँट गुडघ्यावर दुमडून माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हर घर से एक आदमी ना? इस घर में मैं हूँ." मला हो म्हणायलाही वेळ नव्हता. तो सरळ खांडीत उतरला. कमरेइतक्या चिखलात, धारेच्या तोंडावर, जिथे आपली माणसं जायला कचरत होती तिथे. आम्ही साखळी करून चिखलाचे गोळे पुढे देत होतो आणि तो पेंढ्याचे भारे दाबून त्यावर चिखल थापत होता, भिंतीला मारतात तसा, मनगट फिरवून. म्हातारा सखा वरून ओरडला, "ए मिस्त्री, गुळगुळीत नको करू, टेंडरवाला लाजंल." त्या चिखलातही माणसं हसली. एकदा पाय सुटून तो धारेबरोबर आत गेला, दोघांनी हात धरून ओढला. खोकत वर आला आणि पुन्हा त्याच जागी उभा राहिला. दिवस मावळायच्या आत खांड बुजली. त्या वर्षी वरच्या पट्टीत जे भात झालं, त्यात तुझा दीड एकरही होता.

बांधावर नारळ फोडायचा मान आमच्या घराचा. ज्या घराचा माणूस आला त्या घराला वाटा, ज्याचा आला नाही ते घर वर्षभर गावकीत मान खाली घालून बसणार. मी एकेका घराचं नाव घेत होतो. तुझ्या घराचं नाव घेतलं आणि साहिलच्या हातावर वाटा ठेवला. ते करताना मनात काही आलं नाही, ते बरोबरच वाटत होतं. सगळे पाहत होते. कोणी हूं की चूं केलं नाही. थोड्या वेळाने तो माझ्याकडे आला आणि ओलं खोबरं पुढे करून म्हणाला, "ये मालिक का है. मैं तो किरायेदार हूँ." मी त्याचे दोन तुकडे केले. एक त्याला दिला आणि एक दुसऱ्या दिवशी ऋत्विकबरोबर तुझ्याकडे वरसेला पाठवला.

तुझा फोन आला. "ऋत्विक उभा राह्यला ना? बरा झाला रं. बापाच्या घराचा नाव राह्यला." आणि मी हं म्हणालो. ऋत्विकला मी गप्प बसायला सांगितलं, तो लाजून गप्प बसला. तुला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर मलाच ते बोलायचं नव्हतं. आपल्या गावाचा बांध एका भाडेकरूने धरला, हे उच्चारलं असतं तर पुढे बरंच काही कबूल करावं लागलं असतं. मग ज्याचा हात माझ्या हाताला लागला, देवाचं नाव घेऊन ज्याला मी तुझं घर मानलं, त्याच्याबद्दल मी सकाळी दिवा लावून लिहिलं की कोणी ओळखत नाही. तू सांगितलंस म्हणून लिहिलं असं मी म्हणणार नाही. अक्षर माझं होतं.

तर जगन, परवा शुक्रवारी मी पेणला पोलीस ठाण्यात जाऊन आलो. दोन तास बाकावर बसलो, मग साहेबांनी आत बोलावलं. माझाच अहवाल माझ्यापुढे ठेवून विचारलं, "पाटील, तेव्हा खोटं लिहिलंत, की आता लिहिताय?" मी म्हणालो, तेव्हा. ते म्हणाले, पद जाईल, कदाचित केसही होईल. मी म्हणालो, होऊ द्या. साहिलला कुठे ठेवलंय ते त्यांनी सांगितलं नाही. कदाचित आता उशीर झाला असेल. त्याला आतापर्यंत सरहद्दीपलीकडेही पोचवलं असेल. त्यांनी विचारलं, गाव ओळखतं म्हणता, कशावरून? मला बांध सांगावा लागला. कोणाच्या घराकडून उभा होता, विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. या आठवड्यात तुला बोलावतील. ऋत्विक उभा होता असं सांगितलंस तर माझा जबाब तिथेच संपतो आणि साहिलही. तू काय सांगावंस हे मी लिहीत नाही. बांधावर कोण उभा होता हे त्या साहेबांआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. जबाब त्यांनी मला वाचून दाखवला. एके ठिकाणी त्यांनी 'भाडेकरू' लिहिलं होतं, ते मी तसंच राहू दिलं, पुढे 'जगन यांच्या घरचा माणूस' एवढं वाढवायला लावलं, आणि खाली सही केली.

तुझाच,
कान्हू