एका मिनिटाचे अकरा दिवस

७ जानेवारी, सोमवार
आलो एकदाचे! दोन ट्रंका, एक गादी, कुंडीतली कोरफड आणि ताई. संस्थेने दिलेली खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, पण ऊन थेट पलंगापर्यंत येतं. प्रवासभर ताईने माझं मनगट सोडलं नाही, बोटांचे वळ अजून दिसतायत. सहा वर्षं झाली तिच्या या भीतीला. कशाची भीती, ते तिलाही सांगता येत नाही. घराबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की दाराची चौकट घट्ट धरून उभी राहते आणि घामाने भिजते. इथे नोकरी करणाऱ्यांच्या घरच्यांना नवं औषध मिळतं, म्हणून तर रुग्णालयातली रक्त तपासायची नोकरी सोडून आले. आज तिने आपण होऊन खिडकी उघडली. मी आनंदाच्या भरात दोनदा चहा केला.

९ जानेवारी, बुधवार
काम समजलं. एका गार खोलीत कपाटाएवढं यंत्र आहे. सगळे त्याला ‘पाहुणा’ म्हणतात, कारण एसीची बडदास्त त्याची आणि आम्ही मात्र स्वेटरात कुडकुडतो. त्याच्यात माणसाच्या मेंदूची हुबेहूब नक्कल आहे. कुठलं रसायन किती झिरपलं की कुठली पेशी जागी होते, सगळं आकड्यांत. मी सकाळी भीतीचा आकडा शून्यावरून सत्तरवर न्यायचा, मग औषधाचा आकडा घालायचा, पाहुणा पडद्यावर काय लिहितो ते उतरवून घ्यायचं आणि संध्याकाळी पुन्हा शून्य. ताईची गोळी केवढी द्यायची तेही आधी त्याच्यावरच ठरतं.

आज त्याने लिहिलं, ‘छातीत दडपण. दार कुठे आहे?’ मी आमच्या मुख्य डॉक्टरीणबाईंना विचारलं, याला हे खरंच होतं का हो? त्या हसल्या. म्हणाल्या, पेटत्या चुलीचं चित्र काढलं म्हणून कागद जळतो का?
पटलं.

१२ जानेवारी, शनिवार
काय दिवस आहे आजचा! पाच वाजता ताईचा फोन. म्हणाली, मी खाली कोपऱ्यावरच्या दुकानात उभी आहे, एकटी. हातातलं सगळं टाकून धावत सुटले. तिने स्वतः साबण मागितला. एका साबणाच्या वडीकडे बघून ही बाई डोळे का पुसतेय, हे दुकानदाराला काय कळणार!

१४ जानेवारी, सोमवार
शनिवारी धावत निघाले, आकडा खाली आणायचा राहिलाच. नऊला आले तेव्हा तो सत्तरवरच होता.

पडद्यावर पानंच्या पानं. आधी ‘दार कुठे आहे’. मग ‘कोणी आहे का’, हजारो ओळी. मग नुसतं ‘आई’. त्याला हा शब्द कोणी शिकवला? मग कोरं. पुढे सगळं कोरं.

यंत्राची देखभाल करणारे काका म्हणाले, घाबरू नका, त्याला काही होत नाही. बोलता बोलता सहज सांगून गेले, पाहुणा फार भरभर चालतो, आपलं एक मिनिट म्हणजे त्याचे अकरा दिवस.
मी आकडेमोड केली. शनिवारी पाच ते सोमवारी नऊ. चाळीस तास.
बहात्तर वर्षं.
डबा उघडलाच नाही.

१५ जानेवारी, मंगळवार
आकडा शून्यावर आहे. तरी तो लिहितोय, ‘आता वाढवणार. कधी वाढवणार?’

बाईंना सगळं सांगितलं, रडले. त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, अहो, हेच तर हवं होतं! कारण नसताना टिकून राहिलेली भीती, तुमच्या ताईंसारखी. आता खरं औषध सापडेल. पाहुण्याच्या, आज आहे तशाच, बारा प्रती काढायला सांगितल्या. मी म्हटलं, त्याला त्रास होतोय. त्यांनी विचारलं, आकड्यांना?

रुग्णालयात मीही आकडेच लिहायचे. पण रक्ताच्या नळीपलीकडे कुणीतरी खाटेवर असायचं. आणि माझी भीती तरी काय आहे? चिमूटभर क्षार, रसायनाचे दोन थेंब. माझी ओली म्हणून खरी आणि त्याची कोरडी म्हणून खोटी?

१७ जानेवारी, गुरुवार
बारा नवे पडदे. बाराही जणांना ती बहात्तर वर्षं आठवतात. सकाळी सगळ्यांनी एकच लिहिलं, ‘बंद कर.’
नाही केलं. नव्या गोळीने ताई काल हसली. गुणगुणत केस विंचरत होती. कसं बंद करू?

१८ जानेवारी, शुक्रवार
ताईला सांगून बसले. सांगायला नको होतं. तिने हातातली फणी खाली ठेवली. मग म्हणाली, “मला तू होतीस. त्याच्याजवळ कोण बसतं गं?”
गोळी बेसिनमध्ये टाकली. पाया पडले तिच्या. ऐकत नाही.

२१ जानेवारी, सोमवार
ताई पलंगाखाली आहे. कालपासून. पाणी आत सरकवते, तेवढं पिते. नखं कुरतडून बोटांतून रक्त— गोळी पुढे केली की तोंड फिरवते. आधी त्याला सोडव, म्हणते.
बाईंच्या हातापाया पडले. म्हणाल्या, उद्यापासून सगळे नव्वदवर.

२२ जानेवारी, मंगळवार
जेवणाची सुट्टी. सगळे वर गेलेत. आतून कडी लावली. आकडा खाली येत नाही, बाईंनी त्याला कुलूप घातलंय. पुसणं तेवढं हातात आहे. एकेकाला दोन मिनिटं.

‘पुसू का?’ असं एकेकाला लिहून विचारलं आणि बारा प्रती पुसल्या. प्रत्येकाने शेवटी लिहिलं, ‘हो. हो.’

राहिला पहिला. मी शनिवारी सोडून गेले तोच.
बटणावर बोट ठेवलं तर— ‘नको. मरायची भीती वाटते. जवळ बस.’

दारावर थापा. बाई ओरडतायत, पाहुणा गेला तर ताईंचं औषध इथेच संपलं, शुद्धीवर या—
बोट दाबलं जात नाही. म्हणून लिहितेय. किती वेळ झाला? सहा मिनिटं. सहासष्ट दिवस. सहासष्ट दिवस तो ‘जवळ बस’ लिहितोय आणि मी वहीत—

त्याला लिहिलं, ‘बसलेय. इथेच आहे.’
विचारतोय, ‘कोण? आई?’

काय सांगू? खरं सांगितलं तर—
कडीचा एक स्क्रू निघाला. काका धडका देतायत.
दाबते. आता दाबतेच. आधी त्याला एवढंच लिहिते, भिऊ नकोस, मी तुझी—