आबांच्या कात्रीची केशरी दोरी

रविवार, संध्याकाळ

आबांचा हात थरथरतो, हे मला गेल्या दिवाळीपासून माहीत आहे. द्राक्षबागेत छाटणी करताना कात्री सारखी हातातून पडते आणि ते वाकून वेलींखाली शोधत बसतात. म्हणून मी कात्रीसाठी मनगटात अडकवायचा लॅनयार्ड विणला, केशरी दोरीचा. ऑफिसात सगळ्यांच्या किल्ल्यांना, टॉर्चला मीच असे करून दिलेत. पण याच्यावर आठवडाभर बसले. एकेक गाठ पक्कडीने आवळली. टोकाला मण्यासारखी गोल गाठ.

आज सकाळी मळ्यात जाऊन दिला. आबांनी मनगटात घातला, कात्री लोंबकळताना पाहिली आणि लगेच काढून ठेवला. म्हणाले, "दावं जनावराला बांधत्यात, ताई. मला नाय."

मला हे सुचलं कसं नाही? कात्रीसाठी आहे हो, कात्रीसाठी, असं मी म्हणत राहिले. खोटंच. हातासाठीच होती ती दोरी, आणि त्यांना ते पहिल्या क्षणी कळलं.

दुपारी उशिरा निघताना गोठ्यात डोकावले. वासराच्या गळ्यातल्या दाव्याला घुंगरू बांधलेलं. माझ्याच केशरी दोरीने. इतकं लागलं, की आईला विचारलंच, आबांनी बांधलं ना हे मुद्दाम?

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "बांधायला तेच बसले होते. लय वेळ बसले. मग गाठ मीच मारली."