झाडलेल्या गोळ्यांची यादी

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. तिला म्हणावं, डोळा चोळू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. आई मजेत. तिचं ऐकणं कमी झालंय आणि बोलणं वाढलंय.

फोनवर तू दर वेळी विचारतोस, "अजून गोळ्याच मोजतेस का?" हो, अजून तेच. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि आम्ही तिघं. दहा वर्षांत या शहरात पोलिसांनी जिथे जिथे गोळी झाडली, तो प्रत्येक प्रसंग आम्ही कागदावर आणतो. कधी, कुठे, कोणावर, लागली का. आमच्या अर्जाला पोलिसांनी उत्तर दिलं, चारशे बारा प्रसंग. आम्हाला सापडले पाचशे सहासष्ट. एका बाजूला ठाण्याचे कागद, दुसऱ्या बाजूला इस्पितळांच्या नोंदी, आणि मध्ये पट्टी घेऊन मी. हसू नकोस, हे काम मला फार छान जमतं. एका फौजदाराने पिस्तूल पुसताना स्वतःच्याच बुटाला भोक पाडलं, तेही यादीत आहे. बूट नवा होता एवढं जोडा, असा त्याचा फोन आला होता.

गेल्या वर्षी पहिली यादी निघाली तेव्हा तुला पाठवली. तू चाळलीस आणि म्हणालास, "बरी केलीय." तू कोणतं पान शोधत होतास ते मला कळलं होतं. ते पान तिच्यात नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वीचं, कापडबाजाराच्या मागच्या गल्लीतलं. तू पोलिसाच्या वर्दीत एका चोराच्या मागे धावत होतास. ठाण्याच्या कागदात लिहिलंय, एक गोळी, हवेत, जखमी कोणी नाही. त्याच दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी इस्पितळाच्या नोंदीत एक शिंपी येतो. वय सव्वीस, उजवा गुडघा, कारण लोखंडी कठड्यावर पडला. खाली डॉक्टरने बारीक अक्षरात 'आरपार जखम' असं लिहून ठेवलंय.

मला खरं तर त्या कागदाचीही गरज नव्हती. त्या संध्याकाळी तू बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलास आणि मला म्हणालास, "कोणाला तरी लागली बहुतेक. आईला बोलू नको." मी बोलले नाही. गेल्या वर्षी आमच्या प्रमुख बाईंनाही मी सांगितलं की या प्रसंगाचे कागद अपुरे आहेत. कागद पुरेसे होते, दादा. मीच कमी पडले.

वर्षभर तो कागद माझ्या खणात होता. मागच्या मंगळवारी मी त्या शिंप्याकडे गेले. त्याचा उजवा पाय वाकत नाही. तो बाजूला लांब ठेवतो आणि डाव्या पायाने मशीन चालवतो. मी आमच्या कामाचं सांगितल्यावर तो म्हणाला, "ताई, मी दोनदा ठाण्यावर गेलो. ते म्हणाले, त्या दिवशी गोळी वर गेली होती. मी विचारलं, मग मी काय वर होतो का?"

मला हसू आलं, आणि मग बसवेना. मी सांगून टाकलं, "गोळी माझ्या भावाने झाडली होती."

त्याने हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला आणि मग विचारलं, "मग तुम्ही का आलात? तो का नाही आला?"

"मी यादीसाठी आले."

"यादीसाठी आला असाल तर लिहा. मी कठड्यावर पडलो नव्हतो, एवढं कुठेतरी छापून यायला हवं. घरचेसुद्धा कधीकधी म्हणतात, पडला असशील."

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर मी सगळं ठेवलं. त्यांनी आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली आहे, आवाज चढवणं त्यांना ठाऊक नाही. इतकंच म्हणाल्या, "चूक आपण केली, तर छापायचीही आपणच." नव्या यादीच्या पहिल्या पानावर दुरुस्ती येईल. ही नोंद कोणी दडवली आणि का, ते माझ्या नावासह. तुझं नाव येणार नाही, पण आपल्याला ओळखणाऱ्यांना ते कळेल, आणि चौकशी उघडूही शकते. बाईंनी ती नोंद माझ्याकडून काढून घेतली, हे योग्यच झालं. गुरुवारी आमच्यातला तिसरा तुला फोन करेल. तुला जे सांगायचं असेल ते तुझ्याच शब्दांत छापू. फोन उचलला नाहीस, तर तेही छापू.

हे मी फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच तोडलं असतंस आणि मी तोडू दिलं असतं. म्हणून पत्र. तू रागावशील. रागाव. नोंद मात्र मागे घेणार नाही, आणि खरं सांगू, हे ठरल्यापासून मला हलकं वाटतंय. तू वाईट माणूस नाहीस, हे मला कोणी शिकवायला नको. तू धावत होतास, हात हलला असेल. पण पुढची नऊ वर्षं आपण दोघंही एका जागी उभे होतो, तेव्हा काही हलत नव्हतं.

शिंप्याच्या दुकानाचा पत्ता या कागदाच्या मागे लिहिलाय. तो सकाळी नऊपासून असतो. मी येणार नाही तुझ्याबरोबर. एकट्याने जा.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
धाकटी