माळ्यावरचा चमकणारा भुसा

एल्स्पेथ,

माळ्याची शिडी मी काढून ठेवली आहे आणि झाकणाच्या फटींना चिकटपट्टी लावली आहे. ते उघडू नकोस. मुलं शाळेतून आली की आधी त्यांना आंघोळ घाल, केसही धू.

काल जुन्या थरावर घर उबदार ठेवणारी नवी काचलोकर अंथरताना मी उना आणि फर्गसला शिकवत होतो, की नवा पट्टा वाशांना आडवा टाकायचा, म्हणजे ऊब कुठून निसटत नाही. वाशांच्या मधे ऊब राखायला पूर्वी कुणी भरलेला तो चमकणारा खनिजाचा जुना भुसा होता. "आजोबा, सोनं!" म्हणत उनाने ओंजळभर उडवला. तू खालून ओरडलीस, "मास्तर, वर्ग सोडा आता, सूप निवतंय!" आम्ही तिघंही हसलो. तो भुसा हातांनी सारखा करा, असं मीच त्यांना सांगितलं होतं.

आज शेजारचा ह्यू म्हणाला, त्यांच्या माळ्यावर अगदी असाच भुसा होता आणि त्यात ॲस्बेस्टॉस निघालं. आपल्यातला चिमूटभर ओला करून डबीत भरला आहे. तो तपासायला द्यायला चाललो आहे.

मुलांचे कालचे कपडे ओले करून पिशवीत बांधलेत. ते झटकू नकोस, धुऊही नकोस. क्लाइड नदीवरच्या जहाजगोदीतून मी घरी आलो की तुझी आई माझे कामाचे कपडे रोज दारात झटकायची. त्यातल्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीनेच ती गेली. तिला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तुला मी सांगतो आहे, पण एक दिवस उशिरा.

बाबा