शेवटच्या प्रवेशाची लय

४ फेब्रुवारी

पुन्हा काही नाही! सकाळभर पियानोपुढे बसले. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. खोडलेल्याच बऱ्या दिसत होत्या.

दाढीचा फोन. (दिग्दर्शकाला इथे दाढीच म्हणणार, तोंडावर नाही.) "बाई, शेवटच्या प्रवेशात एक शब्द नाही. म्हातारी घर आवरते, दार लावते, जाते. सगळं तुमच्या संगीतावर." मग जरा थांबून — "नाहीच जमलं तर एक कीबोर्डवाला आहे माझ्याकडे. तासात करून देतो."

तासात! मग करू दे की! — पण तसं म्हटलं नाही. "महिनाअखेर देते," म्हटलं. हे काम गेलं तर पुढचं कोणी विचारणार नाही. या वयात बाईला निवृत्त करायला पत्र लागत नाही.

७ फेब्रुवारी

लेकीचा फोन. हे गेल्यापासून रोज करते आणि रोज तेच — जेवलीस का? आज वर उपदेश. "आई, ध्यान शिक. डोकं शांत होईल, काम सुचेल." माझं डोकं शांतच आहे गं! घर त्याहून शांत. लग्न झाल्यापासून या शांततेसाठी यांच्याशी भांडले. आता मिळाली आहे, आणि एक सूर इकडे फिरकत नाही.

१० फेब्रुवारी

गेले एकदाची. वर्ग वाचनालयाच्या वरच्या खोलीत. सगळी मंडळी मोज्यांत, एकाचा अंगठा बाहेर. शिकवणारी तरुण, आवाज मधाळ — ऐकून चिडायला होतं. "मनात येईल ते येऊ द्या, जाऊ द्या."

जाऊ द्या? आलेला सूर जाऊ दिला तर मी करू काय! मांडीशी पेन्सिल ठेवली होती, ती तिने बघितली. "ताई, तेवढी बाहेर ठेवायची हं." मुकाट्याने ठेवून आले.

शेवटी विचारते, "काय ऐकू आलं, ताई?" म्हटलं, "शेजारच्यांचं पोट."

११ फेब्रुवारी

घरी बसले. गुडघा दुखला. बाकी काही नाही.

१५ फेब्रुवारी

नुसता श्वास बघायचा म्हणे. किती कंटाळवाणी गोष्ट! तरी बसले. दुसरं काम तरी कुठे आहे?

१९ फेब्रुवारी

आज काहीतरी झालं.

मांडी सोडून दिली, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. श्वास बघता बघता तो माझ्या चालीने चालेना. लांब आत — मग अडखळ — मग तोकडा बाहेर — आणि मग एक रिकामी जागा. पुन्हा तसंच. त्या चालीवर स्वर आपोआप बसत गेले. धरायला धावले नाही. पेन्सिल स्वयंपाकघरात होती, नशीब! डोळे उघडले तेव्हा चहा गार आणि धून पूर्ण.

लिहून काढली. कुठल्याच तालात बसत नाही. नाही तर नाही!

सांगावं असं घरात कोणी नाही. यांना सांगून तरी काय मोठं व्हायचं? जन्म सूतगिरणीच्या यंत्रांत गेला, यांच्या कानाला पियानो आणि दाराची कडी सारखीच. "झालं का? मग जेवू या." एवढीच दाद. पण होती.

२४ फेब्रुवारी

तालीम. ड्रमवाला म्हणाला, "मावशी, हे मोजायचं कसं? मधेच पायरी गायब!" व्हायोलिनवाली: "आणि इथे मी काय वाजवू?" — काही नाही. — "इतका वेळ काही नाही?"

दाढीने दाढी खाजवली. "सुंदर आहे बाई, पण लंगडतंय. सरळ करा ना जरा. परवापर्यंत." कीबोर्डवाला कोपऱ्यात बसलेला होताच. वाकून नमस्कार केला मला. फार नम्र! जागा बघायला आलेला भाडेकरू असतो तसा.

घरी येऊन सरळ केली. चार-चार मात्रांत बसवली. मेली! जागच्या जागी मेली.

२५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. जेवणाचं राहू दे, हे ऐक, म्हटलं. फोन पियानोवर ठेवून वाजवली — लंगडीच. संपल्यावर फोन कानाला लावला.

"आवडली नसेल तर तसं सांग. साखरेत घोळवू नकोस."

मग अगदी बारीक आवाजात — "आई, हे बाबा झोपलेत."

फोन कसा ठेवला आठवत नाही.

गिरणीतल्या कापसाने यांची फुफ्फुसं खाल्लेली. त्या खोलीतला श्वास या खोलीत ऐकू यायचा. मी इथे सूर शोधत असायची आणि ओरडायची, "अहो, जरा हळू श्वास घ्या!"

आतून उत्तर — "बंदच करू का?"

२६ फेब्रुवारी

दाढीला सांगितलं, एक मात्रा बदलणार नाही. वादकांना म्हटलं, मोजू नका. आत माणूस झोपलाय असं समजा. त्याचा श्वास अडकला की थांबा, सुटला की निघा. कोण माणूस ते सांगितलं नाही.

ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या, नुसत्या बोटांनी वाजवलं. रंगमंचावर म्हातारी घर आवरत होती. प्रत्येक रिकाम्या जागेत ती थांबली आणि आतल्या खोलीकडे बघून राहिली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं!

दाढी कीबोर्डवाल्याला म्हणाला, "तू नीघ बाबा."

बाहेर येऊन नाक शिंकरलं. धूळ फार त्या नाट्यगृहात.

१ मार्च

ध्यानाला बसले. माझाच श्वास — सरळ, धडधाकट, चार मात्रांचा. बराच वेळ वाट पाहिली. दुसरा आला नाही.

आता नाटकाचं तिकीट काढून ऐकावा लागणार.