टाकीमागची प्रजाती

३ जुलै, सकाळ
आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. अक्षर तेवढं जरा नीट काढतो आहे. न जाणो, पुढे कोणा अभ्यासकाला लागली तर.
कॉलेजच्या पाण्याच्या टाकीमागे, नळ गळतो तिथे, एक सरपटणारी वनस्पती सापडली. पानं करंगळीच्या नखाएवढी, फूल त्याहून बारीक, निळसर. पेरापेराला मुळं फुटलेली. पुस्तकातल्या कोष्टकात पानं एका कुळाकडे नेतात आणि फूल भलत्याच कुळाकडे. इतकी वर्षं बॉटनी शिकवतो आहे, असं कधी पाहिलं नाही. निष्कर्ष उघड आहे. नवीन प्रजाती!

दुपार
कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही, असा निश्चय.

संध्याकाळ
बायकोला सांगितलं. तिने विचारलं, तण का? मी म्हणालो, हर्ब. ती म्हणाली, तेच ते.

६ जुलै
डिपार्टमेंटच्या, नमुने दाबून वाळवायच्या प्रेसचे पट्टे तुटलेत. अर्ज केला तर कशाला हवेत म्हणून विचारतील, आणि फुटलं बिंग. म्हणून नमुना वर्तमानपत्रात घालून घरीच गादीखाली ठेवला, बायकोच्या बाजूला. माझ्या बाजूला स्प्रिंग मोडली आहे, दाब सारखा पडत नाही. हे शास्त्रीय कारण तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून या गादीखाली अख्खं जंगल झालंय. अतिशयोक्ती.

११ जुलै
शेवाळला वास लागला. (हा आमच्याच डिपार्टमेंटचा. शेवाळावर पीएचडी केली म्हणून सगळे त्याला शेवाळच म्हणतात. पेपर ढीगभर. माझा एकही नाही, पण मी घाई करणाऱ्यांतला नाही.) टेबलावर एक फांदी राहिली होती, तर म्हणाला, चल, दोघं मिळून मायक्रोस्कोपखाली बघू. दोघं मिळून! म्हणजे पेपरवर दोघांची नावं. मी त्यावर रुमाल टाकला आणि शिंक आल्याचं नाटक केलं. यापुढे टाकीमागे एकट्यानेच जायचं.

१९ जुलै
नावाचा प्रश्न. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही, असा आमच्या शास्त्रात संकेत आहे. अत्यंत गैरसोयीचा. दुसऱ्या कोणी माझ्या नावावरून ठेवलं तर चालतं, पण दुसरा कोणी म्हणजे शेवाळ. नकोच ते.
मग बायकोचं द्यायचं ठरवलं. आधी म्हणाली, शोभेल असं काही मिळालं नाही का, एखादा गुलाब वगैरे? मग भांडी घासायला गेली. थोड्या वेळाने हात पुसत आली आणि इंग्रजीत कसं लिहिणार ते विचारलं. लिहून दाखवलं, लॅटिन शेपटासकट. कागद घेऊन गेली, परत दिला नाही.

२ ऑगस्ट
वर्णन लिहितो आहे. वनस्पती विलक्षण आहे. देठ काही ठिकाणी चौकोनी, काही ठिकाणी गोल. काही पेरं केसाळ, काही अगदी गुळगुळीत. फूल कधी पानाच्या बगलेतून, कधी कुठून येतं तेच कळत नाही. असा लहरी स्वभाव एकाही ज्ञात प्रजातीत नाही. हेच तिचं मुख्य लक्षण म्हणून नोंदवलं.
वर्णन लॅटिनमध्ये करणार. सक्ती आता उठली आहे, पण भारदस्तपणा म्हणून काही असतो की नाही?

५ ऑगस्ट
इंग्रजीत करणार. वाचकांची सोय पाहावी लागते.

१४ सप्टेंबर
पेपर जर्नलला पाठवला. संपादक माझा कॉलेजचा वर्गमित्र. परीक्षेत माझंच बघून लिहायचा, त्यामुळे त्याच्या निर्णयावर माझा पूर्ण विश्वास आहे.

२० नोव्हेंबर
छापून आला! एक अक्षर बदललं नाही. प्रिन्सिपॉल म्हणाले, छान, छान, आणि विचारलं, औषधी आहे का? नाही म्हटल्यावर फाइलकडे वळले. शेवाळने मात्र पूर्ण वाचला. देठाबद्दल काहीतरी विचारणार होता. मला लेक्चर होतं. (नव्हतं.)

२३ नोव्हेंबर
बायकोने पेपरचं पहिलं पान फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. शेजारीण, दूधवाला, गॅसवाला, सगळ्यांना दाखवून झालं. धाकट्या बहिणीला फोन केला. साडूने बंगल्याला तिचं नाव दिलंय, ते आम्ही इतकी वर्षं ऐकतोय. आज बायकोने सांगितलं, बंगले काय, पडतात गं. फोनवर इतकी हसली! अशी हसलेली मी कधी पाहिली होती, आठवत नाही.

२५ नोव्हेंबर, रविवार
तिला टाकी बघायची होती. ठेवणीतले कपडे घालून आली. चिखलात उकिडवी बसली, बोटाने फूल हलवलं. म्हणाली, एवढंसंच आहे हो. मी म्हणालो, महत्त्व आकारात नसतं. ती म्हणाली, मी कुठे काय म्हटलं? बराच वेळ उठलीच नाही. मला भूक लागली होती.

१६ जानेवारी
मोठ्या हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयातल्या, तज्ज्ञ बाईंनी मूळ नमुना पाहायला मागवला. या गटात अखेरचा शब्द त्यांचाच. कीर्ती पसरते आहे. भाषणाची तयारी सुरू.

८ फेब्रुवारी
बाईंचा मेल. नमुना कोमट पाण्यात भिजवला, सुईने सोडवला, तर दोन वनस्पती निघाल्या म्हणे! एकमेकींत गुंतलेल्या. पानं एकीची, फुलं दुसरीची. दोन्ही कुठल्याही गटाराकाठी उगवणारी तणं.
हा शुद्ध मत्सर. सडेतोड उत्तर लिहायला घेतो.

९ फेब्रुवारी
उत्तर लिहिण्याआधी खात्री करावी म्हणून टाकीमागे गेलो. का कोण जाणे, शेवाळला बरोबर घेतलं. त्याने खाली वाकून दोन बोटांनी हलकेच ओढलं. चौकोनी देठ त्याच्या हातात आला. गोल जमिनीवरच राहिला.
तो हसला नाही. चहा घेतोस का, म्हणाला. हसला असता तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी
नाव मागे घ्यावं म्हणून नामकरणाचे नियम पुन्हा पुन्हा चाळले. घेता येत नाही. एकदा छापलं की छापलं. यापुढे जगात कोणी त्या तणांबद्दल लिहिलं की खऱ्या नावाखाली, बारीक अक्षरात, बायकोचं नाव येणार. रद्द म्हणून.
तिला सांगायचं नाही असं ठरवलं. फ्रेम आहे तिथे राहू दे. तिच्या आनंदाचा विचार केला पाहिजे.

११ फेब्रुवारी
तिनेच विचारलं. जेवण का जात नाही, म्हणाली. सांगावं लागलं.
तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, पुसता येत नाही का? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मग तुमचंच द्यायचं होतं. मी संकेत समजावला. ती म्हणाली, हो, सांगितलं होतंत.
फ्रेम काढली नाही. फ्रेमकडे पाठ करून भाजी निवडत बसली. मी धीर द्यावा म्हणून म्हणालो, तुझ्या बहिणीला काही सांगू नकोस, तिला कुठे काय कळणार आहे?
ती म्हणाली, मला कळलंय ना.