टेकाडावरचं हरीण

सेइबाल फाटा, शाळेमागचं घर
शुक्रवार, २८ ऑगस्ट २०१५

प्रिय कोंपाद्रे सिरिलो,

तुमची चिठ्ठी लाँचवाल्यानं मंगळवारी आणून दिली. तब्येत ठीक आहे असं लिहिलंत, वाचून बरं वाटलं. खोकल्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, ते लाँचवाल्यानं सांगितलं. ग्वालेग्वायमधली ती कोंदट खोली सोडा असं मी म्हणणार नाही. न मागता सल्ला देऊ नये, हे मी एकाहत्तराव्या वर्षी शिकते आहे. माझं बरं चाललंय. पूर यायचा असला की दोन दिवस आधी माझे गुडघे दुखतात. हवामानखात्यापेक्षा खात्रीची अशी तेवढीच एक गोष्ट नदीच्या या फाट्यावर, या बेटांवर उरली आहे.

पाणी पंधरा तारखेपासून चढतंय. हिवाळा संपत आला की पाराना नदीला ही लहर येते, त्यात नवल नाही. राग येतो तो रेडिओवरच्या साहेबांचा. रोज सकाळी सांगतात, 'परिस्थिती नियंत्रणात आहे.' माझ्या परसातला कोबी सध्या माशांच्या नियंत्रणात आहे, एवढं मी त्यांना कळवू शकते. खाली ज्यांची घरं बुडाली ती अकरा कुटुंबं शाळेत आली आहेत. सरकारी गाद्या आल्या, त्या भिजलेल्या. नव्या मुख्याध्यापिका गावी अडकल्या, म्हणून स्वयंपाकघराची किल्ली पुन्हा माझ्याकडे.

तुम्हाला इथलं बघायला आवडलं असतं. वरच्या मुलखातून जलपर्णीचे तराफे येताहेत, शाळेच्या पटांगणाएवढे. काल एका तराफ्यावरून पाणमांजराची मादी दोन पिलांना घेऊन गेली, लाँचनं बाजाराला निघाल्यासारखी. मान वळवून आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. विलोच्या झाडांना अजून पालवी नाही, नुसत्या पिवळ्या काड्या पाण्यात उभ्या आहेत. पांगारे कमरेपर्यंत बुडालेत. टिटव्यांना जमीन उरली नाही, म्हणून त्या शाळेच्या पत्र्यावर बसून साऱ्या जगाला शिव्या घालतात. मला त्यांची सोबत आवडते.

टेकाड मात्र कोरडं आहे. कुठल्या काळच्या माणसांनी शिंपले आणि माती टाकून ते रचलं, त्यांचं भलं होवो. रोज मी होडी वल्हवत जाते आणि लांबून बघून येते. नऊ कार्पिंचो आहेत, डुकराएवढ्या घुशीच जणू, ओळीनं बसलेले. एक रानमांजर आहे. एक विषारी यारारा साप वेटोळं घालून पडलाय, कार्पिंचोच्या पिलापासून तीन वितींवर. तो डसत नाही, ते पळत नाही. प्राण्यांना हे कुणी शिकवलं ठाऊक नाही. माणसांना आपल्या आजोबांनी शिकवलं : पूर आहे तोवर टेकाडावर बंदूक न्यायची नाही.

आणि एक हरीण आलंय. दलदलीतलं, तांबडं, काळ्या पायांचं. मादी. गाभण आहे, पोट खाली उतरलंय.

तुम्ही चिठ्ठीत एकच विचारलंत, 'परत आलो तर कुणी माझा दोर धरेल का?' बाहेर राहणाऱ्याला हा प्रश्न कळायचा नाही. होडी धक्क्याला आली की घरातल्या माणसानं उतरून तिचा दोर धरायचा आणि खुंटाला बांधायचा. नाही धरला, तर आलेल्यानं समजून पुढे निघून जायचं. तुमचा दोर तीन महिने कुणी धरला नाही.

याचं उत्तर मी विचार करून देते. माणसं बदललीत, जुनी गेली. ब्याण्णवच्या पुराबद्दल हल्ली फारसं कुणी बोलत नाही. लाँच आज आली नाही, त्यामुळे पत्र उघडंच ठेवते.

रविवार, ३० ऑगस्ट

लाँच आली नाही. सांता रोसाचं वादळ मात्र ठरल्या तारखेला आलं. या देशात वेळ पाळणारी ती एकटीच संत. अकराच्या सुमारास पाऊस उघडला आणि मला मोटरबोटीचा आवाज आला, टेकाडाच्या दिशेनं.

मी रबरी बूट चढवले आणि गेले. बोट नेरेओची. तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता. आता तो शहरातल्या लोकांना बोटीतून फिरवतो. बोटीत तिघं होते, अंगावर लष्करी रंगाचे नवेकोरे कपडे, घडीसुद्धा मोडली नव्हती. मी माझी होडी टेकाड आणि त्यांच्या मधे घातली.

"बाई, बाजूला व्हा जरा," नेरेओ म्हणाला. "पाहुण्यांना फोटो काढायचेत."

"फोटोला काडतुसं लागतात का रे आता?"

तिघांपैकी एकानं विचारलं, "ही कोण?"

"आमच्या बाई. सगळ्या फाट्याला यांनीच शिकवलंय."

"तुला नीट शिकवता आलं नाही, ते दिसतंच आहे," मी म्हटलं. "टेकाडाचा नियम काय आहे, सांग पाहुण्यांना."

"बाई, नियम आजोबांच्या वेळचे. पाणी असंच राहिलं तर ही जनावरं उपाशी मरतील. मग गिधाडांनीच खायची का?"

तेव्हा मी ते वाक्य बोलले. "सिरिलोचं काय झालं, ते तुझ्या आईला विचार. पुरात हरीण मारलं म्हणून या फाट्यावर एका माणसानं त्याचा दोर धरला नाही. तीन महिन्यांत घर टाकून गेला तो."

नेरेओचा चेहरा उतरला. थोडा वेळ त्यानं मोटर नुसती गुरगुरत ठेवली. मग पाहुण्यांना म्हणाला, "चला, इथं तळ लागतोय," आणि बोट वळवली.

मी जिंकले. घरी येऊन बूट काढले, यर्बाच्या पानांचा काढा भोपळ्याच्या तुंब्यात ओतला आणि तो गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. तुमचं नाव मी असं पहिल्यांदा वापरलं नाही, कोंपाद्रे. दर मार्चमध्ये नवी मुलं शाळेत आली की टेकाडाचा नियम शिकवताना मी त्यांना तुमचीच गोष्ट सांगत असे. तेवीस वर्षं, निवृत्त झाल्यावरही.

सोमवार, ३१ ऑगस्ट

शुक्रवारचं पत्र पुन्हा वाचलं. हुशार बाईचं पत्र आहे, फाडण्याच्या लायकीचं. फाडत नाही, तसंच पाठवते. मी कसं बोलते ते तुम्हाला ठाऊक आहेच, आता लेखीही असू द्या.

कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवायच्या, कबुलीला बसलं की आधी पाप सांगायचं, कारण मागून. कारण आधी आलं की ती वकिली होते.

तर पाप. ब्याण्णवच्या पुरात टेकाडावरचं हरीण माझ्या भावानं मारलं, आतिलिओनं. ते मी शिजवलं. आणि नाव तुमचं घेतलं.

आता कारण. शाळेत त्रेचाळीस माणसं होती, त्यातली सव्वीस मुलं. मदतीची लाँच नऊ दिवस आली नाही. सहाव्या दिवशी शेवया संपल्या, सातव्या दिवशी पीठ. आठव्या दिवशी आतिलिओनं बादली आणून ओट्यावर ठेवली. "वासरू सापडलं," म्हणाला, "पाण्यात मेलेलं." मी म्हटलं, "फारच ताजं दिसतंय." तो म्हणाला, "ओदिला, शिजव." मी आणखी काही विचारलं नाही. मीठ बघायला रस्सा चाखला, तेव्हा कळलं. मग मी मिरी वाढवली आणि तमालपत्रं टाकली.

मुलांना मिळालं, याचं मला वाईट वाटत नाही. आजही तसंच वाढेन. वाईट पुढचं आहे. पाणी उतरल्यावर लव्हाळ्यात कातडं सापडलं, अखंड, कुठेही न फाटलेलं. सगळे शाळेच्या व्हरांड्यात जमले. "बाई, हे कुणाचं काम?" मी एवढंच म्हणाले, "असं कातडं या फाट्यावर एकच माणूस काढतो." शब्द खरा होता. तुमच्यासारखे नुत्रिया, ते पाणउंदीर, सोलणारा दुसरा कुणी नव्हता. आणि आतिलिओला सोलायला शिकवलं तुम्हीच होतं.

तो माझ्या शेजारी उभा होता. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत. मग माझ्याकडे. टोपी डोक्यावर घातलीत आणि म्हणालात, "कोमाद्रे म्हणताहेत, तर तसंच असेल." संध्याकाळी तुमच्या नावानं तक्रार लिहिली गेली आणि तिच्याखाली मी सही केली.

तुमच्या लेकीला, ग्रिसेल्दाला, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून हातात धरलं होतं मी; तेव्हापासून आपण कोंपाद्रे-कोमाद्रे. त्या नात्याला तुम्ही त्या दिवशी जागलात. मी नाही.

भावाला वाचवायला बोलले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. आतिलिओ जाऊन चार वर्षं झाली. त्याला पुरल्यावर तरी बोलायचं होतं, बोलले नाही. तेव्हा भाऊ हे कारण नव्हतं. टेकाडाचा नियम फळ्यावर लिहिणारी बाईच तो मोडून मुलांच्या ताटात वाढते, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. माझी शाळा, माझा शब्द. एवढ्यासाठी तुमचं घर गेलं.

गुरुवार, ३ सप्टेंबर

काल दुपारी जेवणाच्या खोलीत सगळे बसले होते. बाहेर पाऊस, आत चरबीत तळलेल्या पुऱ्यांचा वास. मी उभी राहिले आणि वर लिहिलं तेच सांगितलं. आधी पाप, मग कारण.

म्हातारी पेत्रोना आठवते ना, ब्याण्णवला तीन नातवंडं घेऊन शाळेत आली होती? आता नव्वदीला टेकली आहे. तिनं पुरी ठेवली आणि बोटं पुसली.

"बाई," ती म्हणाली, "वासरू कोणतं आणि हरीण कोणतं, हे आम्हाला जिभेवर कळत नाही असं वाटलं तुम्हाला? मी दोनदा वाढून घेतलं होतं."

मी विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोललात ना. बाई बोलल्यावर आम्ही काय बोलणार? आणि बोललो असतो तर आम्हीही खाल्लं हे निघालं असतं."

"सिरिलोचा दोर तुम्हीही धरला नाहीत."

"नाही धरला," ती म्हणाली. "त्याच्याकडे बघवतच नव्हतं."

सगळ्यांना ठाऊक होतं, कोंपाद्रे. तुम्ही निर्दोष होतात म्हणूनच ते तुमच्या धक्क्याकडे पाठ फिरवून बसले. हे मला आज कळतंय आणि मी स्वतःला हुशार समजत होते.

नेरेओ कोपऱ्यात बसला होता. त्यानं पुरीनं ताट पुसून घेतलं. "म्हणजे सिरिलोनं काही केलंच नव्हतं," तो म्हणाला. "आणि ज्यांनी मारलं, ज्यांनी खाल्लं, त्यांना काही झालं नाही."

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलायचं नाही असं ठरवून उभी राहिले होते.

"बरंय," तो म्हणाला.

आज सकाळी दोन बार ऐकू आले. मी पोचले तेव्हा बोट गेली होती. कार्पिंचो पाण्यात उतरले होते, नुसती नाकं वर. साप नव्हता. गवत एका जागी दबलेलं होतं, एवढंच. रक्त पावसानं धुऊन नेलं होतं.

परत आले तर नेरेओ स्वयंपाकघराच्या दारात, हातात हरणाची मांडी. पाहुण्यांना डोकं हवं होतं, बाकीचं त्यानं वाटायला आणलं. "घ्या बाई," म्हणाला. "वासरू म्हणा हवं तर."

मी पीठ दाखवलं. शेवया दाखवल्या, तेलाचे डबे दाखवले. या वेळी सगळं आहे, म्हटलं, या वेळी कुणी उपाशी नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग पेत्रोनाच्या सुनेनं सुरी घेतली. मी ओट्यावर किल्ली ठेवली आणि घरी आले. वास इथपर्यंत येतो आहे.

तुमचं नाव खोटंच घेतलेलं होतं, पण त्या नावाच्या धाकानं ते टेकाड तेवीस वर्षं राखलं गेलं. खरं सांगायला माझा एक दिवस गेला आणि दुसऱ्या दिवशी ती मादी गेली, पोटातल्यासकट. म्हणून मी सांगायला नको होतं, असं मला म्हणता येत नाही. सांगितलं ते बरं केलं, असंही म्हणता येत नाही. ब्याण्णव साली, त्या व्हरांड्यात, कातडं समोर असताना मी बोलले असते तर नियमही राहिला असता आणि तुम्हीही. तेव्हा लोकांना लाज होती. मीच ती मोडली.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. धरतील, सिरिलो. तुमचा दोर धरतील. आज सकाळी त्यांनी नेरेओचाही धरला.

उद्या लाँच येणार, असं रेडिओवर सांगतात. आली तर हे पत्र तिच्यात जाईल. आधी ग्रिसेल्दाला वाचायला द्या. तिनं मला कधी पत्र लिहिलं नाही, ते योग्यच केलं. तिच्या धर्ममातेनं तिच्या बापाचं काय केलं, ते तिला माझ्याच अक्षरात कळू द्या. मग ज्याला दाखवायचं त्याला दाखवा. मी काहीही नाकारणार नाही.

तुमचं घर उभं आहे. छप्पर गळतं, खांब मजबूत आहेत. आलात तर माझ्याकडे डोकावलंच पाहिजे असं मानू नका. मी दाराशी येणार नाही आणि हाक मारणार नाही. पुष्कळ बोलून झालंय माझं.

ज्या पूर्ण नावानं मी तेव्हा त्या तक्रारीखाली सही केली, त्याच नावानं,

ओदिला मार्गारिता ब्रुनेर
निवृत्त मुख्याध्यापिका, सेइबाल फाटा